हजेरीपुस्तकातले किताब

वर्गात हजेरी घेण्याचे काम आम्ही दोघेही गेली सतरा-अठरा वर्षे करीत आलो आहोत. एक अमरावतीस, दुसरा अकोल्यास. विषय एकच, मराठी. एम. ए. ला एकाच बाकावर बसलो, आणि आता सुट्टीच्या दिवशी एकजण बडनेऱ्याहून गाडीत बसून मूर्तिजापूरमार्गे दुसऱ्याकडे जातो, एवढाच काय तो फरक. हजेरीपुस्तकातील नावे मात्र दोन्हीकडे सारखीच. वानखडे, इंगळे, देशमुख, ठाकरे, देशपांडे, काझी, पाटील, पुन्हा देशमुख. नाव उच्चारावे आणि मागच्या बाकावरून ‘हजर सर’ असे उत्तर यावे. कुणाला ठाऊक असते की आपण एका परगण्याच्या वसुली अधिकाऱ्यास, त्याच्या दप्तरदारास आणि एका न्यायाधीशास ओळीने हाका मारीत आहोत!

हा विचार आम्हांला सुचला तो मात्र वऱ्हाडच्या इतिहासातून नव्हे. आमच्यापैकी अमरावतीचा तौलनिक साहित्याची अभ्यासपत्रिका शिकवतो. त्यासाठी त्याने ‘हेर्त्सोग एर्न्स्ट’ हे मध्ययुगीन जर्मन कथाकाव्य इंग्रजी अनुवादातून वाचले. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते रचले गेले, कर्ता अज्ञात. बव्हेरिया प्रांताचा ड्यूक एर्न्स्ट, त्याची विधवा आई सम्राटाशी विवाह करते, दरबारातला एक कुटिल नातलग सम्राटाचे कान फुंकतो, एर्न्स्ट त्याला ठार करतो आणि परागंदा होऊन पूर्वेकडे निघतो. पुढे जे घडते ते आपल्या वेताळपंचविशीला शोभावे. करकोच्याच्या मानेची माणसे, जहाजातले खिळे ओढून घेणारा चुंबकाचा डोंगर, बैलाच्या कातड्यात स्वतःला शिवून घेऊन अजस्र पक्ष्यांच्या चोचीतून झालेली सुटका. अखेर सम्राटाच्या पायांवर लोळण आणि क्षमा.

गंमत अशी की हा एर्न्स्ट एक माणूस नाहीच. दहाव्या शतकात लिउडॉल्फ नावाच्या श्वाबियाच्या ड्यूकने आपला बाप पहिला ऑटो याच्याविरुद्ध बंड केले; अकराव्या शतकात दुसऱ्या एर्न्स्टने आपला सावत्र बाप, सम्राट दुसरा कॉन्राड, याच्याविरुद्ध. लोकांच्या स्मरणात दोन्ही बंडे एकमेकांत मिसळली आणि त्यांचा एकच नायक झाला. खरा एर्न्स्ट तर पूर्वेला कधी गेलाच नाही. वेर्नर नावाच्या मित्रावर चालून जाण्याची आज्ञा त्याने मानली नाही, म्हणून त्याची जहागीर गेली आणि १०३० साली तो ब्लॅक फॉरेस्टच्या रानात लढताना मारला गेला. मित्रासाठी प्रांत सोडणारा हा माणूस करकोच्यांच्या गोष्टीपेक्षा आम्हांला अधिक आवडला. बखर वाङ्मय शिकवणाऱ्यास असल्या सरमिसळीचे नवल वाटू नये. बखरकारही दोन पिढ्यांचे पराक्रम एकाच्या पदरात घालतो आणि त्यात त्याला काही खोटे बोलल्यासारखे वाटत नाही.

आता प्रश्न आला शब्दाचा. ‘हेर्त्सोग’ या जर्मन शब्दाचे इंग्रजीत ‘ड्यूक’ होते. मराठीत काय करावे? ‘हेर’ म्हणजे सैन्य, आणि शब्दाचा दुसरा भाग ‘ओढून पुढे नेणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आलेला. सैन्य घेऊन पुढे चालणारा तो हेर्त्सोग. सरदार म्हणावे तर फार सैल, राजे म्हणावे तर फार मोठे. बराच खल झाल्यावर अकोल्याचा म्हणाला, ‘अरे, हा तर आपला सेनासाहेब सुभा!’ आम्ही हसलो खरे. परंतु हसू ओसरल्यावर लक्षात आले की याहून जवळचा शब्द मराठीत सापडणे कठीण आहे.

सेनासाहेब सुभा हा नागपूरकर भोसल्यांचा किताब. शाहू छत्रपतींनी तो परसोजी भोसल्यांस दिला आणि पुढे तो रघूजींच्या घराण्यात स्थिरावला. शब्द पाहा कसा आहे: सेना संस्कृत, साहेब अरबी, सुभाही अरबीच. राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांनी पेशव्याचा मुख्यप्रधान केला, मुजुमदाराचा अमात्य केला, सरनौबताचा सेनापती केला. पन्नास वर्षे होतात न होतात तो भाषा पुन्हा आपल्या सवयीच्या वाटेला लागली. १७५५ मध्ये पहिले रघूजी वारले आणि मुलांत तंटा लागला. तो मिटला कसा? जानोजीस सेनासाहेब सुभा आणि धाकट्या मुधोजीस ‘सेनाधुरंधर’ असा नवा किताब. राज्य एकच, किताब दोन. मुलुखाचे तुकडे पाडण्याऐवजी शब्दाचे पाडले, एवढाच अर्थ आम्हांला यातून दिसतो. तंटा अर्थातच मिटला नाही.

जर्मनीतही मुळात हेर्त्सोग ही नेमणूकच होती. राजाने द्यावी आणि राजाने काढून घ्यावी. सॅक्सनी, बव्हेरिया, श्वाबिया हे प्रांत म्हणजे एका अर्थाने सुभेच. परंतु दिलेले पद मुलाकडे जाते, मुलाकडून नातवाकडे, आणि तिसऱ्या पिढीला ते कुणी दिले होते याचा विसर पडतो. आज्ञापत्रातले वतनदारांवरचे प्रकरण शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना हेच सांगत असतो. रामचंद्रपंत अमात्यांना वतनदार हे राज्याचे चाकर दिसत नाहीत, वाटेकरी दिसतात. त्यांना फार जवळ करणे धोक्याचे आणि तोडणेही धोक्याचे. ११७६ साली इटलीच्या मोहिमेत सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने आपला चुलतभाऊ हाइनरिख ‘सिंह’ याच्याकडे फौज मागितली. हाइनरिखकडे सॅक्सनी आणि बव्हेरिया असे दोन प्रांत होते, म्यूनिक शहराचा संस्थापकही तोच. त्याने नकार दिला. चार वर्षांत दोन्ही प्रांत गेले आणि हाइनरिख इंग्लंडात सासऱ्याच्या आश्रयाला गेला. अमात्यांनी हा प्रसंग वाचला असता तर त्यांना त्यात नवे काही वाटले नसते.

आमच्या वऱ्हाडात असा धडा शिकवायला इंग्लंड-इटलीपर्यंत जावे लागत नाही. अचलपूरच्या इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला हा मूळचा विजयनगरच्या मुलुखातला कानडी हिंदू मुलगा. लढाईत पकडला गेला, मुसलमान झाला, बहमनींच्या चाकरीत वाढत वाढत वऱ्हाडचा तरफदार झाला. सुलतानाने त्याला किताब दिला इमाद-उल-मुल्क, म्हणजे राज्याचा आधारस्तंभ. नरनाळ्याच्या महाकाली दरवाज्यावर १४८७ चा शिलालेख आहे; त्यात बहमनी सुलतानाचा मान राखलेला आहे. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांत, १४९० मध्ये, हा आधारस्तंभ राज्याखालून निघाला आणि स्वतःच राज्य झाला. किताब मात्र त्याने टाकला नाही. त्याच्या वंशजांनीही टाकला नाही; त्याच किताबावरून त्यांची शाही ओळखली गेली. ज्या राज्याला आपण टेकू द्यायचा होता ते कोसळल्यावरही आधारस्तंभ हेच नाव मिरवणारे हे घराणे १५७४ पर्यंत टिकले. मग अहमदनगरच्या निजामशहाने वऱ्हाड गिळंकृत केले.

नरनाळ्याला आम्ही दोघे विद्यार्थिदशेपासून जात आलो आहोत. गाविलगडाला त्या मानाने कमी. परंतु तिथल्या एका दरवाज्यावरचे गंडभेरुंडाचे शिल्प पाहिल्यावर अमरावतीच्याला काही काळ दुसरे काही सुचले नव्हते. दोन तोंडांचा पक्षी, पंजांत हत्ती. विजयनगरची ही खूण फतहुल्लाच्या मूळ गावाची आठवण म्हणून इथे आली असावी, असे अभ्यासक मानतात. पंधराव्या शतकात जर्मन सम्राटांनीही दोन डोक्यांचा गरुड आपल्या मुद्रेवर घेतला. दोन्हींचा परस्परांशी काही संबंध नाही, आणि तो जोडण्याचा मोह विद्यार्थ्यांनी टाळावा. आम्हांला तो टाळता आलेला नाही, ही गोष्ट वेगळी.

गाविलगडाचे नाव निघाले म्हणून आणखी एका ड्यूकबद्दल. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी तेल्हाऱ्याजवळच्या अडगावला भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला आणि १५ डिसेंबरला गाविलगड पडला. दोन दिवसांत देवगावचा तह झाला, महिनाअखेर शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा. इंग्रजांचा सेनानी होता आर्थर वेलस्ली. तो ड्यूक झाला अकरा वर्षांनी, १८१४ मध्ये. वेलिंग्टन हे गाव त्याने आपण होऊन निवडले नव्हते. किताबासाठी नाव भावाने सुचवले होते. अडगावचा ड्यूक असे नाव त्याला शोभले असते, हे आमचे प्रांताभिमानी मत.

मुलूख आणि किताब यांची अशी ताटातूट होणे ही वऱ्हाडची जुनी खोड दिसते. निजामाचे राज्यच मुळी आमच्या बुलढाणा जिल्ह्यात जन्मले. १७२४ साली साखरखेर्ड्याच्या लढाईत. १८५३ मध्ये त्याच निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, १९०२ मध्ये ते वर्षाला पंचवीस लाखांच्या कायमच्या पट्ट्याने गेले. सातव्या निजामाने मुलूख परत मिळावा म्हणून पत्रांमागून पत्रे लिहिली आणि १९२६ मध्ये लॉर्ड रीडिंगने त्याला सार्वभौमत्वाचा अर्थ समजावून सांगणारे कडक उत्तर पाठवले. दहा वर्षांनी तोडगा निघाला. मुलूख नाही, परंतु किताब घ्या! १९३६ च्या करारान्वये निजाम ‘हैदराबाद आणि बेरार’चा झाला आणि त्याचा युवराज आझम जाह ‘प्रिन्स ऑफ बेरार’. या युवराजाचे लग्न १९३१ मध्ये फ्रान्समधील नीस येथे शेवटच्या खलिफाची कन्या दुर्रुशेहवार हिच्याशी झाले होते. म्हणजे इस्तंबूलच्या राजवाड्यात जन्मलेली मुलगी अकोला-अमरावतीची युवराज्ञी झाली. कापसाच्या गाड्या, कॉटन मार्केट, उन्हाळ्यातले पंचेचाळीस अंश यांचे राज्य तिच्या नावावर, कागदावर. पुढे तर निजामाने गादीसाठी मुलाला वगळून नातू मुकर्रम जाह याची निवड केली. वऱ्हाडचा युवराज वऱ्हाडचाही झाला नाही आणि हैदराबादचाही नाही. तो १९७० मध्ये वारला. पुढच्याच वर्षी घटनेच्या सव्विसाव्या दुरुस्तीने संस्थानिकांची मान्यताच संपली. दुर्रुशेहवार २००६ पर्यंत लंडनमध्ये होत्या. शेवटपर्यंत त्यांच्या नावापुढे बेरार होते.

हसू नये. जर्मनीतही असेच एक घराणे होऊन गेले. श्वाबियावर हक्क सांगणाऱ्या बेर्टोल्डने १०९८ साली समझोत्यात प्रांत सोडला, परंतु ड्यूक हे पद सोडायला तो तयार नव्हता. मग फ्रायबुर्गजवळच्या आपल्या त्सेरिंगेन या गढीचे नाव त्याने किताबाला जोडले. प्रांताशिवाय ड्यूक! लोकांनी ते मान्य केले आणि काही काळाने त्यात कुणाला काही चमत्कारिक वाटेनासे झाले.

याउलट आमच्या अमरावतीत दादासाहेब खापर्डे यांना सारा प्रांत ‘वऱ्हाडचे नवाब’ म्हणत असे. सनद नाही, तह नाही, पट्टा नाही. त्यांचा थाट पाहून लोकांनीच दिलेला हा किताब बेरारच्या युवराजापेक्षा या मातीत जास्त चालला. आणि अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा डेबूजी झिंगराजी जानोरकर? त्याच्या हातातल्या मडक्यावरून त्याचे नाव पडले आणि आज आमच्या दोघांच्याही महाविद्यालयांच्या गुणपत्रिकांवर ते विद्यापीठाचे नाव म्हणून छापलेले असते.

१९१९ मध्ये जर्मन प्रजासत्ताकाच्या घटनेने सरदारवर्गाचे विशेष हक्क रद्द केले. परंतु किताब पुसून टाकले नाहीत, त्यांना नावाचा भाग म्हणून राहू दिले. शेजारच्या ऑस्ट्रियाने त्याच वर्षी ते समूळ काढून टाकले. हेर्त्सोग हे जर्मनीत अगदी साधेही आडनाव आहे; रोमान हेर्त्सोग नावाचे गृहस्थ १९९४ ते १९९९ जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष होते. आमच्याकडे हा बदल कुठल्या घटनेने केला नाही. इंग्रजांनी जमीनमहसुलाची व्यवस्था थेट कास्तकाराशी केली आणि देशमुखाचे काम संपले. काम संपले, आडनाव उरले. आडनावाबरोबर आणखी काय काय उरले, ते आता सांगावयाचे आहे. वास्तविक हा लेख आम्ही त्यासाठीच लिहावयास घेतला आणि इतका वेळ जर्मनीत रेंगाळत राहिलो, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच.

आमच्यापैकी अकोल्याचा देशमुख आहे. अकोट तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, त्यांचे घर. वाड्याची माडी पडली आहे, ढेलज शाबूत आहे. घरात एक पेटी, पेटीत लाल बासन, बासनात एक मोडी कागद. ‘अचलपूरच्या इमादशहाने आपल्या मूळपुरुषाला दिलेली सनद’ अशी वडिलांची श्रद्धा. दसऱ्याला त्यावर हळदकुंकू वाहिले जाई. इमादशहाची सनद मोडीत कशी असेल, हा प्रश्न मराठीचा एम. ए. झालेल्या मुलाच्या मनात कधी आला नाही असे नाही. तो त्याने विचारला नाही.

१९९९ साली त्याच्या थोरल्या बहिणीला एक स्थळ सांगून आले. दर्यापूरकडचा मुलगा, अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेतलेला, ताईच्या माहितीतला. आले ते स्थळ म्हणून, परंतु त्यामागे दोघांची पसंती आहे हे घरात सर्वांना कळले होते. वडील आवाज चढवणारे नव्हते. म्हणाले, ‘पोरगा चांगला आहे. पन ते कुणबी, आपन देशमुख.’ विषय संपला. पलीकडच्या खोलीत धाकटा भाऊ अभ्यासाचे पुस्तक उघडून बसला होता. भिंत पातळ होती. तो उठला नाही. ताईचे लग्न पुढे रीतसर देशमुखांच्या घरात झाले, संसार झाला, मुले झाली. वाईट झाले असे म्हणता येणार नाही. निदान तिने कधी तसे म्हटलेले नाही. परंतु त्या दुपारी आपण का उठलो नाही, हे तो आमच्या बडनेरा-अकोला प्रवासात पंचवीस वर्षांत तीन-चार वेळा तरी बोलला आहे.

गेल्या वर्षी वडील वारले. तेरवीनंतर दोन-तीन दिवसांनी पेटी उघडली गेली. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यामुळे मोडी वाचणाऱ्यांना पूर्वी कधी नव्हता एवढा भाव आला आहे. आमच्यापैकी अमरावतीच्याला मोडी येते. आई, ताई, दोघे चुलतभाऊ आणि समोर चहाचे कप. बासन सोडले गेले.

इथे पुन्हा एका ड्यूकची आठवण सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऑस्ट्रियाचा ड्यूक चौथा रुडॉल्फ याला साम्राज्यातल्या सर्वांत वरच्या मानाच्या ओळीत बसायचे होते. १३५८-५९ च्या सुमारास त्याने जुने दस्तऐवज तयार करवून घेतले आणि त्यांत ज्यूलियस सीझर आणि नीरो यांची पत्रेही घातली. ‘आर्चड्यूक’ हा किताब त्याच उद्योगातला. सम्राट चौथ्या चार्ल्सला संशय आला, त्याने कवी पेट्रार्ककडे पत्रे पाठवली. १३६१ मध्ये पेट्रार्कने उत्तर दिले की पत्रे बनावट आहेत. त्याने दिलेल्या पुराव्यांपैकी एक आम्हांला फार लागला: सीझर स्वतःविषयी ‘मी’ असे एकवचनात लिहीत असे, या पत्रातला सीझर ‘आम्ही’ म्हणतो. शंभर वर्षांनी, १४५३ मध्ये, रुडॉल्फच्याच घराण्यातल्या सम्राटाने ते सर्व कागद शिक्कामोर्तब करून खरे करून टाकले. परंतु पेट्रार्क इटलीत होता आणि त्याला रुडॉल्फच्या आईसमोर बसून चहा प्यावयाचा नव्हता.

कागद सनदेचा नव्हताच. ते साल १९०० चे गहाणखत होते, सरकारी स्टँपावर. छप्पन्याच्या दुष्काळात दोन शेते सावकाराकडे गहाण टाकल्याचा तो लेख. अमरावतीच्याने पहिल्या ओळी मनात वाचल्या आणि मित्राकडे पाहिले.

‘काय लिहिलं आहे, सर?’ आईंनी विचारले.

‘काकू, सनद नाही. शेत गहाण ठेवल्याचा कागद आहे.’

‘कोनाचं शेत?’

‘आपलंच.’

आई काही बोलल्या नाहीत. चुलतभाऊ म्हणाला, ‘सनद दुसरीकडं असंल.’ अमरावतीच्याने कागदाची घडी घालावयास घेतली. ताई म्हणाली, ‘काहून थांबले? पुढचं वाचा ना, सर.’

तेव्हा त्याने वाचले. लिहून देणार अमुक वल्द अमुक देशमुख, जात कुणबी, धंदा शेती, राहणार मौजे अमुक.

‘हे पुन्हा वाचा,’ ताई म्हणाली. त्याने पुन्हा वाचले. अकोल्याचा खाली चटईकडे पाहत होता. या वेळीही भिंत पातळच होती, किंबहुना नव्हतीच. तो म्हणाला, ‘ताई, मी त्या दिवशी पलीकडच्या खोलीत होतो.’

‘मले माहीत होतं,’ ती म्हणाली.

चुलतभावाने आठ दिवसांनी फोन करून कागदाची साक्षांकित प्रत मागितली. त्याच्या मुलाच्या प्रवेशासाठी तो शब्द आता कामाचा आहे. आईंनी मूळ कागद पुन्हा बासनात बांधला आणि दसऱ्याला पूजेत ठेवला. ताईला झेरॉक्स नको होती, कारण तिला मोडी वाचता येत नाही. ती एक ओळ आमच्यापैकी अमरावतीच्याने त्याच दिवशी वहीचा कागद फाडून बाळबोध अक्षरांत उतरवून दिली. तिने ती वाचली, कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि चहाचे कप उचलून आत गेली.